गोडादऱ्यातल्या नव्या बिऱ्हाडाला

अमळनेर

चि. सौ. भाचीस,


सुरतेत गोडादऱ्यात खोली मिळाली, जावईबापूंचं मार्केटातलं काम सुरू झालं, हे वाचून जीव निवांत झाला. घर लावताना काय काय घेऊ, असं तू विचारलंस. बाई, घ्यायचं ते होईल हळूहळू. घरातून बाहेर काय जातं, तिकडे आधी लक्ष दे.

मी तिथे संसार केलाय. पावसाळ्यात मिठी खाडी फुगली की लिंबायत, पर्वत पाटियाकडच्या घरांत पाणी शिरतं. उन्हाळाभर गटारात गेलेल्या पिशव्या त्या पाण्याची वाट अडवतात. 1994 साली असंच पाणी आणि कचरा साचला, प्लेगची साथ आली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळाली. पुढे आयुक्त एस. आर. राव यांनी शहराचं रूप पालटलं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीनं पहिली आली. तरी ओलं-सुकं वेगळं करायचं काम घरातल्या बाईमाणसांनी आणि बाप्यांनीच करायचं असतं. दोन डबे ठेव आणि जावईबापूंनाही सवय लाव.

शेजारणी साड्यांचे धागे कापायचं, लेस लावायचं काम घरी आणतात. तूही आणशील. संध्याकाळी खोलीभर चिंध्या होतात. ही साडी बहुतेक पॉलिएस्टरची, म्हणजे प्लास्टिकच. ती कुजत नाही. पेटवली तर वितळून थेंब गळतात, काळा धूर निघतो आणि पोरं तो छातीत घेतात. थंडीत शेकोटीला कुणी चिंध्या आणल्या तर हात धरून थांबव. लांब पट्ट्या वेणीसारख्या विणून पायपुसणी कर, उरलेल्या एका गोणीत भरून सुक्या कचऱ्यात दे. मोरीच्या जाळीवर एकही धागा राहू देऊ नकोस.

तळणाचं तेल मोरीत ओतू नकोस. कढई आधी कागदानं पुसायची, मग घासायची. तेल पाइपात थिजतं आणि सगळ्या चाळीची मोरी तुंबते.

आता पाणी. आरओ मशीन घ्यायच्या आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजून घे. 500 च्या आत असेल तर आरओ लागत नाही, साधा फिल्टर पुरतो. बोअरचं खारं पाणी असेल तर घ्यावंच लागेल, पण एक लिटर गाळताना ते मशीन दोन-तीन लिटर पाणी फेकतं. त्या नळीखाली बादली ठेव, फरशी पुसायला होईल. आपली बोरी नदी तापीला मिळते आणि तीच तापी उकाई धरणावरून सुरतेला येते. माहेरचं पाणी आहे ते, गटारात सोडू नकोस.

विजेचं थोडक्यात सांगते. जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी तिशीच्या आसपास. स्लॅब तापत असेल तर मालकाला विचारून गच्चीवर चुना मार. डाळ भिजवून कुकरला लाव, गॅस वाचतो.

गाद्या-रजया मात्र विकत घेऊ नकोस. माझी सुती लुगडी काढून ठेवली आहेत. दिवाळीला आलीस की दोघी बसून दोन गोधड्या भरू.

पाणी मोजलंस की आकडा फोनवर कळव.

तुझी मावशी