वारी कोणाची मोडली?

नेम आणि कर्तव्य यांचा झगडा लागला, तर गृहस्थाने काय करावे? परमार्थाची वाट धरणाऱ्या प्रत्येकाची या प्रश्नाशी केव्हातरी गाठ पडतेच. ग्रंथांत त्याचे उत्तर आहे; पण आम्हांस ते कळले एका निवृत्त शिक्षकाच्या जीवनावरून. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. येथेही तेवढेच नाव पुरे.

गुरुजी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गळ्यात माळ लहानपणापासूनची. पण नोकरीच्या काळात त्यांना आषाढीची पायी वारी घडली नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, आणि शाळा उघडण्याचे दिवसही तेच. कोणी म्हणे, "गुरुजी, रजा टाका की!" त्यावर ते म्हणत, "पोरं पहिल्यांदा शाळेची पायरी चढणार आणि मास्तर जागेवर नाही, हे विठोबाला तरी आवडेल का हो?" दिवाळीच्या सुट्टीत कार्तिकी साधली, तर एसटीने जाऊन येत. त्यावर समाधान मानीत.

१९९० साली ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच आषाढीला आमच्या दिंडीत चालू लागले. दहा वर्षे एक वारी चुकली नाही. दिवेघाटात तरण्या पोरांच्या पुढे असत. मुक्कामावर लहान मुलांकडून हरिपाठ पाठ करून घेत. २००० सालच्या आरंभी त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. तेव्हापासून सात वर्षे गुरुजी वारीला आले नाहीत.

दिंडीत कुजबुज सुरू झाली. "घरात मुलगा आहे, सून आहे, मग यांनाच बसायला काय झालं?" "बायकोपायी वारी मोडली!" वाचकहो, लपवायचे कशाला? असे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

एका वर्षी निघण्यापूर्वी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी पत्नीला पेज भरवीत होते. भिंतीवर पंचांगाशेजारी पालखीच्या मुक्कामांचा कागद डकवला होता. त्यांच्या सुनेने सांगितले, "मामंजी रोज सकाळी आत्याबाईंना सांगतात, आज माउली सासवडला, आज वाल्ह्याला, आज नीरास्नान होऊन लोणंदला. जेजुरीच्या दिवशी त्यांच्या कपाळाला भंडारा लावतात. मी सगळं करते म्हणाले, तर म्हणतात, तू घर बघ, हे माझं आहे." एकादशी, तुळशीला पाणी, उशाशी बसून हरिपाठ, काही सुटले नव्हते. पाय तेवढे घरी होते.

आता विचार करा. आपला देव विटेवर उभा का? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. दारी आलेल्या देवालाही त्याने वीट देऊन थांबविले, आणि देव थांबला. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. आजही पांडुरंगाचीच पालखी अरणला त्यांच्या भेटीस जाते. नाथमहाराजांनी पैठणास प्रपंच सांभाळूनच परमार्थ केला. माउलींनी तिसऱ्या अध्यायात स्वधर्मालाच नित्य यज्ञ म्हटले आहे. हे सारे आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो. परंतु मुलाने आईचे पाय चेपले तर आपण त्याला पुंडलिक म्हणतो, आणि नवऱ्याने बायकोचे चेपले तर हसतो. हा भेद संतांनी शिकविलेला नाही. तो आपल्या घरचा आहे.

यावर कोणी म्हणेल, "मग बरेच झाले! आम्हांलाही संसार आहे, आम्हीही घरीच बसतो." ही शंका खोटी नाही. प्रपंचाचे निमित्त सांगून नेम सोडणारेच जास्त. आम्ही गुरुजींना एकदा विचारले, "सबब कोणती आणि कर्तव्य कोणते, हे ओळखावे कसे?" ते म्हणाले, "सोपं आहे. वारी चुकली म्हणून मन हलकं झालं, तर ती सबब. पालखी निघाली त्या दिवशी घास उतरत नसेल, तर समजा, देवानंच कामाला लावलंय."

२००७च्या आरंभी त्यांच्या पत्नी गेल्या. त्या आषाढीला गुरुजी पुन्हा दिंडीत आले. आम्ही पायांवर डोके ठेवले आणि म्हणालो, "गुरुजी, आम्ही तुमची वारी मोडली म्हणत होतो, क्षमा असावी." त्यांनी आम्हांस उठविले. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी मोडली नव्हती, बुवा. मोडली तिची. दहा वर्षं मी चाललो, तेव्हा गोठा, नातवंडं, आलंगेलं तिनंच पाहिलं. डोक्यावर तुळस घेऊन किती बाया चालतात दिंडीत! मी एकदाही विचारलं नाही, येतेस का म्हणून. विचारायचं सुचलं, तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं."

आम्ही गुरुजींना वारी सोडल्याचा दोष देत होतो. ते स्वतःला दोष देत होते तो वारी केल्याचा नव्हे, एकट्याने केल्याचा. नेम पाळणाऱ्याच्या मागे कोणीतरी घर धरून उभे असते, म्हणून तो नेम चालतो. ज्याच्या कष्टावर आपले पुण्य उभे, त्याला त्या पुण्याचा वाटा नसेल, तर ती पुण्याची चोरीच म्हणावी लागेल. नेम आणि कर्तव्य यांचा झगडा पुष्कळदा आपणच लावलेला असतो. ओझे वाटून घेतले, तर तो निम्मा मिटतो.

२०१४ साली गुरुजी वैकुंठवासी झाले. आता ज्येष्ठ लागला की आमच्या दिंडीत एक रीत पडली आहे. नाव नोंदवायला जो येईल, त्याला चालक विचारतात, "घरी कोण राहणार? त्यांना विचारलंत का?" काही घरांत आता एक वर्ष तो, एक वर्ष ती, असे ठरते, काही जोडीने येतात. वाचकांनीही पिशवी भरण्याआधी घरात एवढे विचारावे. उशीर होण्यापूर्वी विचारावे, इतकेच मागणे.

रामकृष्णहरी!