व्हॉल्व्हमागची मेंढी



मागे एका रविवारी मिस्सानंतर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने आम्हांला गाठले. तिच्या आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता. ती म्हणाली, "फादर, हे व्हॉल्व्ह आधी मेंढ्यांना बसवून बघतात आणि मग त्या मेंढ्यांना मारतात. आईने तो बसवून घेणे पाप आहे का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याच देशातला चित्रा व्हॉल्व्ह घ्या. परदेशी व्हॉल्व्ह गरिबाला परवडत नव्हते, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व सहकाऱ्यांनी स्वस्त व्हॉल्व्ह करायला घेतला. तीन नमुने बाद झाले. चौथा यंत्रावर व मेंढ्यांमध्ये तपासून डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. मेंढीच का? तिचे हृदय आकाराने आपल्या हृदयाच्या जवळपास असते. व्हॉल्व्ह किती झिजतो हे यंत्र दाखवते. पण त्यावर रक्ताची गुठळी धरते का, हे जिवंत शरीरातच नीट कळते. आपल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयाचे प्रत्यारोपण केले, त्याआधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते.

ख्रिस्तसभा शिकवते की, माणसाचा जीव वाचवण्यासाठी, मर्यादेत राहून केलेले असे प्रयोग नीतीला धरून आहेत. पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे. म्हणून त्या मुलीला आम्ही सांगितले, "पाप नाही. आईला निर्धास्त मनाने ऑपरेशनला ने."

पण परवानगी मिळाली म्हणजे देणे फिटले, असे नव्हे. आपण दर रविवारी परमेश्वराच्या कोकराला हाक मारतो. त्या कोकराने स्वतःहून आपला प्राण दिला. प्रयोगशाळेतल्या मेंढीला कोणी विचारले नाही. तिच्या मरणाला 'बलिदान' म्हणून आपण आपले मन हलके करू नये. ती किंमत आहे, आणि ती आपण दुसऱ्याकडून घेतली आहे.

'विनाकारण' हा शब्दही तपासून पाहू या. गरज आहे की नाही हे ठरवणारे आपण, आणि लाभ घेणारेही आपणच. अशा न्यायाधीशाने स्वतःशी अधिक कठोर असायला हवे. आपल्या १९६० च्या कायद्यातही हेच आहे: शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, शस्त्रक्रिया करताना भूल द्यावी.

आणि काही गरज तर आपणच निर्माण करतो. आपल्या देशात अनेकांचे व्हॉल्व्ह लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब होतात. त्याची सुरुवात होते साध्या घसादुखीतून. वेळेवर योग्य औषध मिळाले तर तो ताप टळू शकतो. तळोज्यातल्या एका खोलीत पाच-सहा जण राहतात, तिथे एकाचा घसा धरला की दुसऱ्याचा धरायला वेळ लागत नाही. लेकराचा घसा दुखून ताप आला तर "होईल बरे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांनी गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण करा. शेजारणीकडे पैसे नसतील तर तिच्या लेकराला तुम्ही घेऊन जा.

वाचलेला प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे त्या मुक्या जिवाचे थोडे देणे फेडल्यासारखे आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू