जलद मार्ग कोणासाठी?

"काका, ट्यूब तुम्हाला झेपायची नाही, सरळ टॅक्सी करा." ट्यूब म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे. तिथल्या माझ्या पुतण्याचं हे वाक्य काळजीपोटीच आलं होतं, तरी ते मनात सलत राहिलं. तिथली मराठी मुलं भेटीला आलेल्या आईवडिलांना हेच सांगतात.

गर्दी, खिसेकापू, चुकीच्या दिशेची गाडी हे लोकलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्यांना नव्याने सांगायला नको. वय आड येतं ते वेगळ्याच जागी. चालणं निराळं आणि चढणं-उतरणं निराळं. सत्तरीचा माणूस सपाटीवर तासभर चालेल, पण हातात बॅग घेऊन जिना उतरताना गुडघा कुरकुरतोच. मार्ग सांगणारे मिनिटं मोजतात, पायऱ्या मोजत नाहीत.

ट्यूबचा तो सुंदर नकाशाही मोजत नाही. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने तो 1931 मध्ये काढला. आधी नाकारला गेला, मग 1933 मध्ये छापला गेला आणि जगभरच्या मेट्रोंनी त्याचा कित्ता गिरवला. जमिनीखाली गेल्यावर खरं अंतर कशाला हवं, फक्त कुठे चढायचं, कुठे बदलायचं एवढंच दाखवू, हा त्याचा विचार मला आजही थोर वाटतो. पण ग्रीन पार्कला पिकॅडिली लाइनवरून ज्युबिली लाइन पकडायची, तर नकाशावरची ती एवढीशी खूण पायांखाली लांबच लांब बोगदा होते.

रसेल स्क्वेअर घ्या. ब्रिटिश म्युझियमजवळची हॉटेलं तिथे आहेत, हीथ्रो विमानतळावरून थेट गाडी येते, स्टेशनात लिफ्टही आहे. सगळं जुळलं असं वाटतं. मात्र फलाट आणि लिफ्ट यांच्या मध्ये पायऱ्या आहेत! लिफ्ट आहे म्हणजे पायऱ्या नाहीत, असं तिथे गृहीत धरता येत नाही. ट्यूबच्या 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच बिनपायऱ्यांची आहेत. 1863 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेकडून याहून फार अपेक्षा तरी कशी करावी?

पुतण्या म्हणतो, लोक मदत करतातच. करतात, हे मीही मानतो. जिन्यावर कोणीतरी न बोलता बॅगेचं दुसरं टोक धरतं. पण मदत समोरच्याच्या मर्जीवर असते, सोय आपल्या हक्काची असते. मदतीच्या भरवशावर कोणी एकट्याने बाहेर पडत नाही.

आम्हालाही तरुणांसारखं, त्याच वेगाने जाता येतं, हे मला ठासून सांगायचं होतं. लिहिता लिहिता वाटू लागलं, हा हट्ट तरी कशाला? कामावर आम्हाला पोहोचायचं नाही. वेग नको, बिनपायऱ्यांचा मार्ग हवा, आणि तो आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सर्व 41 स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी नाही. हीथ्रोहून तिचं तिकीट पिकॅडिलीपेक्षा महाग, तरी टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. नकाशा पायऱ्या मोजत नसला, तरी बिनपायऱ्यांच्या स्टेशनांपाशी त्यावर व्हीलचेअरची खूण असते. निळी असेल तर थेट डब्यापर्यंत पायरी नाही, पांढरी असेल तर फलाटापर्यंत. त्या खुणा धरून चाललं की वीस मिनिटं जास्त लागतील. लागू देत.

तेव्हा परदेशातल्या मुलांनो, आईवडील आले की टॅक्सीचं ॲप उघडण्याआधी त्यांच्याबरोबर बसून बिनपायऱ्यांचा मार्ग शोधा, कागदावर लिहून द्या, आणि मग त्यांना एकट्याने जाऊ द्या.