गुठळी पक्की कशाने होते?

जखमेतले रक्त गोठते तेव्हा फायब्रिन या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे बनते. जाळे झाले की रक्त थांबते, एवढे स्पष्टीकरण बराच काळ पुरेसे वाटत होते. १९४४ मध्ये केनेथ रॉबिन्स यांना त्यातली उणीव दिसली. फायब्रिन ज्यापासून बनते त्या शुद्ध फायब्रिनोजेनपासून परीक्षानळीत बनवलेली गुठळी सौम्य आम्लात विरघळून जात होती. रक्तद्रवातला एक घटक आणि कॅल्शियम मिळाले की ती टिकत होती. १९४८ मध्ये कोलोमान लाकी आणि लास्लो लोरांड या हंगेरियन संशोधकांनी युरियाच्या द्रावणात हाच फरक दाखवला. हा घटक तंतूंना पक्के करतो हे कळले, कसे ते कळले नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग यकृतात सापडला. अमाइन नावाचे लहान रेणू प्रथिनांना जोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, हाइनरिश वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५७ मध्ये गिनिपिगच्या यकृतात आढळले. त्यांनी त्याला ट्रान्सग्लुटामिनेज म्हटले. रक्त गोठण्याशी त्याचा संबंध असेल, अशी शंका येण्याचे काही कारण नव्हते.

ती गाठ लोरांड यांनीच घालून दिली. गोठणाऱ्या रक्तात असे अमाइन मिसळले तर गुठळी कच्चीच राहते, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवले. शेजारच्या तंतूने जिथे जोडले जायचे ती जागा अमाइन आधीच अडवतात. १९६८ मध्ये तो बंधही ओळखला गेला. एका प्रथिनातील ग्लुटामिन आणि दुसऱ्यातील लायसिन ही अमिनो आम्ले थेट जोडली जातात आणि अमोनिया बाहेर पडतो. प्रथिने तोडणाऱ्या नेहमीच्या विकरांना हा बंध तुटत नाही.

म्हणजे रक्तातला तो घटकही एक ट्रान्सग्लुटामिनेजच होता; त्याला तेरावा घटक असे नाव मिळाले. त्याची जन्मजात उणीव १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रथम नोंदवली गेली. असे रुग्ण फसवे असतात. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष येतात, पण नवजात बाळाच्या नाळेतून रक्त झिरपत राहते आणि थांबलेला रक्तस्राव काही तासांनी पुन्हा सुरू होतो. यावरची जुनी चाचणी अगदी साधी आहे: गुठळी युरियात ठेवायची आणि विरघळते का ते पाहायचे.

पुढे माणसात या कुळातली आठ कार्यक्षम विकरे सापडली. नववा सभासद तांबड्या पेशीत असतो, पण त्याला बंध घालता येत नाही; तो नुसता खांबासारखा उभा असतो. त्वचेतले विकर सर्वांत वरच्या थरातील प्रथिने एकमेकांत बांधून पाण्याला रोखणारे कवच घडवते. त्याच्या जनुकात दोष असला की मूल ताणलेल्या, चकचकीत पापुद्र्यात गुंडाळल्यासारखे जन्मते आणि पुढे त्याची त्वचा खवल्यांची होते. हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. 

खरे कोडे आहे ते बहुतेक सर्व ऊतींत आढळणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रान्सग्लुटामिनेजचे. इतके सर्वत्र असलेले विकर जगण्याला अत्यावश्यक असणार, हा अंदाज सहज होता आणि चुकीचा निघाला: २००१ मध्ये ते नसलेले उंदीर निरोगी जन्मले. उलट त्याचा उपद्रवच आधी उघड झाला होता. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिॲक रुग्णांचे प्रतिपिंड याच विकरावर रोखलेले असतात, हे १९९७ मध्ये कळले. इथे ते बांधणी करतच नाही. लायसिनऐवजी पाणी वापरून ते ग्लुटेनमधील ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्ल करते, आणि असा बदललेला तुकडा रोगप्रतिकारक पेशींसमोर अधिक घट्ट धरला जातो. सिलिॲकचा संशय असला की डॉक्टर सहसा प्रथम जी रक्ततपासणी सांगतात, ती याच विकराविरुद्धच्या प्रतिपिंडांची असते.