काबूल आणि त्या सात जणी

ऑगस्ट २०२१. काबूल पडलं आणि मी अफगाण बायकांसाठी स्टेटस ठेवलं. सिद्धेश्वरच्या माझ्या वर्गमैत्रिणीचा, मुसलमान घरातल्या, लगेच रिप्लाय आला : “काबूल पडल्यावरच आमची काळजी वाटायली का रे तुला?”

राग आला. पण प्रश्न खोटा नव्हता. नोव्हेंबर २००१ मध्ये लॉरा बुश रेडिओवर म्हणाल्या होत्या, की दहशतवादाशी लढाई ही स्त्रियांच्या हक्कांचीही लढाई आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेनं दोह्यात तालिबानशी करार केला, त्यात स्त्रियांच्या हक्कांबद्दल अवाक्षर नाही. फौज पाठवताना बाई आठवली, परत आणताना विसरली.

म्हणून स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचं खूळ, असं म्हणणारेही मला पटत नाहीत (आणि ते बहुतेक पुरुषच असतात). १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला : तोंडी तलाक बंद करा. त्यांच्यामागे कुठलीही फौज नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. एक्कावन्न वर्षांनी.

हे सगळं मी तिला लिहून पाठवलं.

“दलवाईंचं नाव लिहिलंस,” ती म्हणाली. “त्या सात जणींची?”

मी टाइप करत होतो, खोडत होतो.