टाइमटेबल भरण्याआधी

आजचा शास्त्रभाग: दानीएल १:८-२० आणि ६:१०



नवीन सेमिस्टर सुरू झालं. लेक्चर्स, प्रॅक्टिकल, जर्नल, कोणाची इंटर्नशिप, कोणाची मागची एटीकेटी. आपण म्हणतो, "जरा घडी बसू दे, मग बायबल वाचायला वेळ काढतो." पण घडी बसेपर्यंत इंटर्नल्स दारात येतात. मग परीक्षेच्या आदल्या रात्रीची घाईघाईची प्रार्थना, एवढंच देवाशी नातं उरतं.

दानीएल म्हटलं की आपल्याला सिंहांची गुहा आठवते. पण त्याआधी तो एक विद्यार्थी होता! कैद करून बाबेलला नेलेला तरुण. तीन वर्षांचं शिक्षण, परकी भाषा, परकी विद्या. घर दूर, मंदिर दूर, स्वतःचं नावसुद्धा बदललेलं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याने अभ्यास सोडला का? नाही. तो मन लावून शिकला आणि देवानेच त्याला विद्येत निपुण केलं. म्हणजे अभ्यास आणि भक्ती एकमेकांच्या वैरी नाहीत. पण राजाच्या पंक्तीचं अन्न खाऊन स्वतःला विटाळायचं नाही, हे त्याने सुरुवातीलाच मनाशी पक्कं केलं होतं. आणि अधिकाऱ्याकडे मागितले किती दिवस? फक्त दहा!

आता सहावा अध्याय बघा. साठहून जास्त वर्षं उलटली आहेत. दानीएल मोठ्या हुद्द्यावर आहे, कामाचा डोंगर आहे. तीस दिवस राजाशिवाय कोणाकडेही काही मागायचं नाही, असा हुकूम निघतो. दानीएल घरी जातो, यरुशलेमकडच्या उघड्या खिडकीशी गुडघे टेकतो आणि दिवसातून तीनदा प्रार्थना करतो, अगदी पूर्वीसारखीच.

हे 'पूर्वीसारखीच' मनात ठेवा. संकट आलं त्या दिवशी त्याला प्रार्थना शिकावी लागली नाही. वाट रोजच्या चालण्याने मळलेली होती. आपलंही तसंच आहे. निकाल बिघडेल, मैत्री तुटेल, घरून वाईट बातमी येईल, त्या दिवशी आपल्याला कुठे वळायचं ते माहीत असेल का? ते आजच्या साध्या, काहीही न घडणाऱ्या सकाळी ठरतं.

म्हणून टाइमटेबल भरण्याआधी देवाची वेळ त्यात लिहा. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधीची दहा मिनिटं. एक छोटा शास्त्रभाग, थोडी प्रार्थना. लोकलमध्ये उभ्याने जमत असेल तर तिथे. रूममेट काय म्हणेल याची भीती वाटते? दानीएलची खिडकी उघडीच होती. आणि रविवारची उपासना 'सबमिशन आहे' म्हणून पहिल्यांदा चुकते, तेव्हाच सावध व्हा.

एखादा दिवस राहून गेला तर? कॉलेजला ७५ टक्के हजेरी लागते, पण प्रभू मस्टर घेऊन बसलेला नाही. तो वाट पाहणारा पिता आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

दानीएलसारखे आधी दहाच दिवस ठरवा. उद्यापासून. कराल ना?

प्रार्थना: हे प्रभू, माझा वेळ तुझाच आहे. हे सेमिस्टर तुझ्या हाती देतो. अभ्यासात बुद्धी दे, आणि तुझ्यासाठी माझी खिडकी रोज उघडी राहू दे. येशूच्या नावात, आमेन.