बढती आणि वाढ

नोकरी बदलावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा वाटतो. इकडचा पगार व तिकडचा पगार, इकडचा हुद्दा व तिकडचा हुद्दा यांची वजाबाकी केली कीं उत्तर हातीं येतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हिशेब चोख करूनही ज्यास रात्रीं झोंप येत नाहीं, असा मनुष्य पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. त्याची वजाबाकी चुकलेली नसते. एक रक्कम तींत मांडलेलीच नसते.

आपल्या भाषेंत बढती आणि वाढ असे दोन शब्द आहेत. बढती दुसरा देतो. वाढ ज्याची त्यालाच साधावी लागते. दोन्ही एकदम लाभल्या तर आनंदच आहे. पण त्या नेहमीं एकाच वाटेनें येतात असें नाहीं. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ मध्यें सरकारच्या अर्थखात्यांत अधिकारी झाले. कचेरीचें काम संभाळून उरल्या वेळांत ते कलकत्त्याच्या एका विज्ञानसंस्थेंत प्रयोग करीत. १९१७ मध्यें त्यांनीं तें पद सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. व्यवहाराच्या भाषेंत ही उतरणच होती. पुढें १९२८ चा शोध आणि १९३० चें नोबेल पारितोषिक यांमुळें आज आपण तिला चढण म्हणतों. पण फळ पाहून निर्णय वाखाणणें सोपें आहे. तो शोध लागला नसता तरीही तो निर्णय योग्यच होता. कारण ज्या कामास ते उरलेला वेळ देत होते, त्यास त्यांनीं सगळा वेळ दिला.

मग सोडून जाणें हेंच श्रेयस्कर काय? तसेंही नाहीं. आपलें मत मोकळेपणानें मांडतां येईना, तेव्हां गोपाळ गणेश आगरकरांनीं ‘केसरी’चें संपादकत्व सोडलें व १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटींतील अल्प वेतनाचें अध्यापन त्यांनीं १८९५ मध्यें मृत्यु येईपर्यंत सोडलें नाहीं. एकानेंच एक जागा सोडली व दुसरी धरून ठेवली; पण दोहोंमागें कसोटी एकच होती. आपल्या अंगीं जें आहे तें कोठें पुरतेपणीं कामीं येईल?

याचा अर्थ पगार तुच्छ, असा कोणी करूं नये. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा घरीं आजारी माणूस आहे, तो अधिक वेतनासाठीं गेला तर त्यास लोभी म्हणणें हा पोट भरलेल्यांचा उद्धटपणा होय. उलट, एकाच जागीं जन्म काढणारा प्रत्येक जण निष्ठावंत असतो असेंही नाहीं. निष्ठेच्या पांघरुणाखालीं पुष्कळदां नुसती भीति निजलेली असते.

म्हणून सल्ला विचारावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांस मी दोनच प्रश्न विचारतों. नव्या जागेचें नांव कोणासही सांगावयाचें नाहीं अशी अट असती, तर ती तुम्हीं पत्करली असती काय? आणि जुन्या जागेची शाश्वती वगळली, तर तेथें राहण्यास दुसरें कांहीं कारण उरतें काय? उत्तर ज्याचें त्यानें द्यावें. तें मला सांगितलें नाहीं तरी चालेल.